धुऱ्यावरची रानतुळस आणि चतुर्थीची पत्री

उद्या हरितालिका, परवा श्रीगणेशचतुर्थी. उद्या घरोघरी माताभगिनी वाळूचा महादेव मांडून त्यास पत्री वाहतील आणि परवा मंगलमूर्तींच्या चरणी २१ प्रकारची पाने समर्पण होतील. बाजारात पत्रीच्या जुड्या येऊन पडल्या आहेत. या शुभ समयी एका साध्या, रानात वाढणाऱ्या सुगंधी रोपाविषयी चार शब्द भाविक वाचकांपुढे ठेवावेत, अशी इच्छा आहे. त्यात शास्त्राचा थोडा विचार आहे, थोडी तक्रार आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या चुकीची कबुलीही आहे. ती कबुली दिल्यावाचून पुढे बोलण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

आमचे देऊळघाट पैनगंगेच्या काठी वसलेले. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली ही नदी येथे अजून लहान आहे. गावाबाहेर पडले की काळीची शेते, शेतांना धुरे आणि धुऱ्यांवर बोरी-बाभळींची कुंपणे. ज्यास देशावर बांध म्हणतात त्यास आम्ही वऱ्हाडात धुरा म्हणतो. लहानपणी हरितालिकेच्या आदल्या सायंकाळी वडील मला या धुऱ्यांवर नेत. हातात परडी असे. एकेका रोपापाशी थांबून ते त्याचे संस्कृत नाव उच्चारीत आणि मी मराठी नाव सांगावयाचे, असा आमचा पाठ चाले. अपामार्ग म्हणजे आघाडा, बृहती म्हणजे डोरली, अर्क म्हणजे रुई, भृंगराज म्हणजे माका. अमरकोशातला वनौषधिवर्ग मी प्रथम पोथीत वाचला नाही, धुऱ्यावर वाचला.

या पाठात एक रोप असे असे की ते डोळ्यांआधी नाकाला कळे. कुंपणाच्या सावलीत, गुडघाभर उंचीचे, चौकोनी देठाचे, समोरासमोर पाने असलेले. शेंड्यावर तुळशीसारखीच मंजिरी, तिला बारीक पांढरी फुले. धोतराचा सोगा तिला लागला तरी दरवळ उठे. तीच रानतुळस. आमच्या भागात मरवा सहजी मिळत नसे. तेव्हा मरव्याच्या जागी वडील या रानतुळशीचा एक शेंडा ठेवीत. याला आधार काय, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "अमरसिंहाने जिला मरुबकाच्या शेजारी बसविले, तिला आपण का उठवावे?" वस्तुतः तसेच आहे. अमरकोशात मरुबकाचे पर्याय संपतात तेथेच पर्णास, कठिंजर, कुठेरक ही रानतुळशीची नावे सुरू होतात आणि तिच्या पांढऱ्या जातीला अर्जक असे निराळे नाव दिले आहे. सुश्रुताचार्यांनी सुरसादिगणात तुळशीबरोबर अर्जकाची गणना केली असून तो गण कफ व कृमी यांचे हरण करणारा, पडसे, श्वास, कास यांत हितकर सांगितला आहे. याच गणात सुमुख नावाची एक वनस्पती येते, तिलाही टीकाकार तुळशीच्याच कुळातली मानतात. आता गंमत पाहा. चतुर्थीला पहिले पत्र आपण गणरायाच्या ज्या नावाने वाहतो, तेही नाव सुमुख. देवाचे नाव आणि रानातल्या सुगंधी रोपाचे नाव एकच असावे, याहून मोठा संकेत कोणता हवा?

पत्रीच्या या विधीत मुळातच एक सूक्ष्म शिक्षण आहे. तुळशीचे उदाहरण घ्या. एरवी गणपतीस तुळस वर्ज्य. ब्रह्मवैवर्त पुराणात त्याची कथा आहे. तुळशीने गणेशाकडे विवाहाची याचना केली, त्याने ती नाकारली आणि उभयतांनी परस्परांस शाप दिले. म्हणून वर्षभर ती त्याच्या पूजेत नाही. परंतु भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या दिवशी, २१ पत्रांत, गजकर्णक या नावाने तिचेही पान वाहिले जाते. वर्षातून एक दिवस रुसवा संपतो. ज्या रोपांना इतर दिवशी कोणी विचारीत नाही, त्या आघाड्याला, धोतऱ्याला, रुईलाही त्या दिवशी देवघरात मानाने प्रवेश मिळतो. रस्त्याच्या कडेचे, कुंपणातले, उपेक्षित असे जे काही आहे ते एक दिवस ओळखून, नाव घेऊन देवापुढे ठेवावे, हा पत्रीपूजेचा आशय आहे असे माझे नम्र मत आहे.

पोथ्यांत थोडे पाठभेद आहेत, तथापि सर्वसाधारण प्रचारातली २१ पत्रे मांडून पाहिली तर हे अधिकच स्पष्ट होते. बेल, शमी, अर्जुन, देवदार, पिंपळ, अगस्ती आणि डाळिंब हे वृक्ष झाले. मालती, जाई, कण्हेर, केवडा, मरवा आणि तुळस ही बागेतली मंडळी. उरलेली आठ, म्हणजे दूर्वा, माका, बोर, धोतरा, आघाडा, डोरली, रुई आणि विष्णुक्रांता, ही कोणी लावीत नाही, कोणी शिंपीत नाही. ती धुऱ्यावर, पडिकावर, वाटेच्या कडेला आपोआप येतात. पूजेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग शास्त्रकारांनी धुऱ्याच्या स्वाधीन केला आहे. धुरा गेला तर पूजा कोठून आणावयाची?

आता माझ्या चुकीकडे वळतो. गेली कित्येक वर्षे भाद्रपदातल्या कीर्तनात मी पत्रीचे निरूपण करीत आलो आहे. पूर्वरंगात अर्जकाचे नाव सांगावे, हातातली रानतुळशीची डहाळी श्रोत्यांस दाखवावी, तिचा गंध पुढच्या रांगेतल्या बालगोपाळांना द्यावा, असा माझा शिरस्ता होता. तीन वर्षांपूर्वी असेच कीर्तन झाले. आरती आटोपून मंडळी पांगली, तेव्हा निंदणीच्या कामाला जाणारी एक वृद्ध बाई मागे थांबली. माझ्या हातातल्या डहाळीकडे पाहत ती संकोचाने म्हणाली, "महाराज, राग मानू नका, पन हे ते नोहे."

मी म्हणालो, "माय, रानतुळसच ना ही?"

"लोक म्हंतात रानतुयस. पन हिचं फूल पाहा, निळं हाय. हिचं बोंड पाहा, टोचते. आपल्या तुयशीचं कवा टोचलं काय?"

मी डहाळी दिव्याजवळ नेली. फुले जांभळट निळी होती. ती शेंड्याच्या मंजिरीत नव्हती, पानांच्या बेचक्यात झुबक्यांनी आली होती. फुलाखालच्या पेल्याची टोके काट्यासारखी ताठ होती. गंध होता, पण तो घशात बसणारा उग्र दर्प होता. वडिलांनी शिकविलेली एकही खूण जुळत नव्हती. ज्याने आयुष्यभर शब्दाचा अर्थ लोकांना सांगितला, त्याच्या हातात अर्थ भलताच होता. कोश माझ्या मुखात होता आणि ओळख त्या माउलीच्या बोटांत होती.

पुढे जाणत्यांकडे चौकशी केली. हे रोप मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले. ते आपल्याकडे येऊन रस्त्यांच्या कडा, पडिके आणि जंगलांचे काठ यांवर फैलावले आहे. कोणी त्यास जंगली तुळस म्हणतात, कोणी दर्पतुळस आणि पुष्कळजण नुसती रानतुळसच. ते पुरुषभर उंच वाढते, दाट माजते आणि आपल्या दाटीत गवताला व लहान रोपांना डोके वर काढू देत नाही. यात आणखी एक विनोद आहे. आपल्या धुऱ्यावरच्या खऱ्या रानतुळशीला स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५५ साली जे लॅटिन नाव दिले, त्यात तिला 'अमेरिकन' ठरविले आहे, वास्तविक ती आफ्रिका व आशिया या जुन्या खंडांतली. जी येथली, तिच्या नावात अमेरिका, आणि जी खरोखर अमेरिकेची, ती आपल्या तुळशीच्या नावावर नांदते आहे. नामरूपाचा घोळ वेदांतात ऐकला होता, तो धुऱ्यावर प्रत्यक्ष पाहिला.

येथे कोणी म्हणेल की, देव भावाचा भुकेला. परदेशी रोप भक्तीने वाहिले तर देव काय ते परत करणार आहे? मुळीच नाही. परदेशी म्हणून दोष देण्याचा माझा हेतूही नाही. दसऱ्याला ज्याची तोरणे आपण दारावर बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्या ठेच्यातली मिरची, ज्वारीशेजारी उभा असलेला मका आणि डोंगरउतारावरचे सीताफळ ही सारी अमेरिकेतूनच आलेली. पाहुणा येऊन घरचा झाला, यात वाईट काय? प्रश्न तो नाही. पाहुणा घरच्या माणसास बाहेर काढू लागला आणि घरच्यांना ते कळलेदेखील नाही, हा प्रश्न आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताकडून पान, फूल, फळ, पाणी एवढेच मागितले. देवाची मागणी इतकी लहान असताना, आपण काय देतो आहोत हे ओळखण्याचेही कष्ट आपण घेऊ नयेत काय?

दुसऱ्याच दिवशी मी त्या माउलीस बरोबर घेऊन खरी रानतुळस शोधावयास निघालो. वडिलांचा जो धुरा, तो आमच्याच शेताचा. शेत गेली काही वर्षे बटाईने दिलेले आहे. तेथे गेलो तो धुरा तांबूस, करपलेला दिसला. तणनाशक मारले होते. बटाईदारास दोष देणार तरी कसा? वर्षांपूर्वी त्याने मला विचारले होते, "महाराज, धुरा फवारू काय? निंदायला मजूर भेटत नाही, अन् धुऱ्याचं तण सोयाबीनमंदी उतरते." मी तेव्हा पोथीतून मान वर न करता "फवार" असे म्हणालो होतो. वडिलांचा धुरा माझ्या एका शब्दाने जळाला.

या ठिकाणी १९७२ सालच्या दुष्काळाची आठवण येते. त्या वर्षी भाद्रपदातही पाऊस नव्हता. धुऱ्यावर आघाडा नव्हता, माका नव्हता, रानतुळस तर कोठली? वडिलांनी दूर्वांच्या चार वाळल्या काड्या, बेल, शमी आणि रुई एवढेच मिळविले आणि उरलेल्या प्रत्येक नावाला अक्षता वाहिल्या. उपचार न मिळाल्यास अक्षतांनी तो पूर्ण करावा, अशी सोय परंपरेने ठेवलेलीच आहे. बालबुद्धीने मी विचारले होते, "अण्णा, रानतुळस मेली काय?" ते म्हणाले, "मेली नाही, मातीत निजली आहे." आणि पुढच्या वर्षी मृगाचा पाऊस पडताच ती त्याच जागी उगवून आली. एवढ्या दुष्काळाने जिला मारिले नाही, तिला फवारणीने कसे मारिले? कारण सरळ आहे. दुष्काळात रोप वाळते, परंतु मागे पडलेले बी मातीत शाबूत राहते. प्रतिवर्षी मंजिरी पिकण्यापूर्वीच फवारले तर नवे बी पडत नाही आणि मातीतले जुने बी वर्षावर्षाला उगवून खपत जाते. मग एक पावसाळा असा येतो की उगवावयास काहीच उरत नाही. त्या मोकळ्या जागेवर जे प्रथम येईल ते माजते. दर्पतुळस तशीच आली.

आम्ही नदीच्या बाजूस बरेच चाललो. अखेर एका जुन्या बोरीच्या कुंपणाखाली, जेथे फवारणीचा पंप पोहोचला नव्हता, तेथे पाच-सात रोपे आढळली. त्या माउलीने एक पान चुरगाळून माझ्या हातावर ठेवले. पन्नास वर्षे मागे गेल्यासारखे झाले. मी डहाळी खुडण्यास हात पुढे केला, तो तिने थांबविला. "आता नोका तोडू, महाराज. बी धरू द्या." त्या वर्षी मरव्याच्या नावाने मी अक्षता वाहिल्या.

पत्रीवरून हल्ली दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, पत्रीपायी झाडे ओरबाडली जातात, सबब ही प्रथाच बंद करावी. दुसरा म्हणतो, शास्त्रात २१ सांगितली आहेत, ती कोठूनही, कशीही आणून पुरी केलीच पाहिजेत. माझ्या अल्पमतीस दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. पहिल्या पक्षाची तक्रार खोटी नाही. जुड्या बांधणारे पुष्कळदा रोप मुळासकट उपटतात, फांद्या मोडतात आणि विकली न गेलेली पत्री रात्री रस्त्यावर टाकून जातात. परंतु प्रथा बंद केली तर ओळखीचा उरलासुरला धागाही तुटेल. जे रोप देवघरात जात नाही, ते धुऱ्यावर कोण राखील? दुसऱ्या पक्षास एवढेच विचारतो की, देवदार हिमालयातला. तो आमच्या अजिंठ्याच्या रांगेत उगवत नाही. मग जुडीत देवदार म्हणून जे येते ते काय असते, हे आपण कधी पाहिले आहे काय? न ओळखलेली २१ पाने वाहण्यापेक्षा ओळखलेली सात पाने आणि १४ वेळा अक्षता, हे अधिक शास्त्रशुद्ध आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो.

तुळशीचे पान खुडण्याविषयी आपल्या घरांत किती नियम आहेत! द्वादशीस खुडू नये, सूर्यास्तानंतर हात लावू नये, खुडण्यापूर्वी तिची क्षमा मागावी, नखाने ओरबाडू नये. अंगणातल्या तुळशीला जी मर्यादा, ती कुंपणातल्या तिच्या बहिणीला का नसावी? एका नावास एक पान पुरते. पान घ्यावे, शेंडा राखावा, मूळ तर कदापि उपटू नये. अभयारण्यात पान तोडणे कायद्यानेही निषिद्ध आहे. आमच्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगेच्या परिसरात जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

शेतकरी बांधवांस माझी एक विनंती आहे. मजुरीची अडचण मी जाणतो. धुऱ्यावर बसून उपदेश करणे सोपे आणि भर उन्हात निंदणे कठीण, हेही जाणतो. म्हणून सगळा धुरा सोडा असे म्हणत नाही. कुंपणाच्या बुडाशी हातभर रुंदीची एक पट्टी न फवारता ठेवावी, एवढेच मागणे आहे. तिला देवाची पट्टी म्हणा. तिच्यात आघाडा येईल, माका येईल, विष्णुक्रांतेची निळी फुले येतील. महालक्ष्म्यांच्या वेळी आघाड्यासाठी शहरात पैसे मोजावे लागणार नाहीत. ऋषिपंचमीच्या भाजीतली चार रानपानेही कदाचित तेथेच मिळतील. दर्पतुळस दिसली तर मात्र ती बोंडे धरण्यापूर्वीच उपटावी.

आणि माताभगिनींस एक सुचवितो. उद्याची पत्री शक्य असेल तेथे मुलांना बरोबर नेऊन गोळा करावी. एकेक पान त्यांच्या हाती द्यावे, वास घेऊ द्यावा, नाव विचारावे. पाठ चुकला तरी चालेल, माझाही चुकला होता. शहरात राहणाऱ्यांनी जुडी सोडून पाने वेगवेगळी मांडावीत आणि जे ओळखत नाही ते बाजूस ठेवून कोणा जाणत्यास विचारावे. तो जाणता पगडी घातलेलाच असेल असे नाही, डोक्यावर गवताचा भारा घेतलेलाही असू शकेल.

कार्तिकात तुळशीचे लग्न लागते. तोवर रानतुळशीच्या मंजिऱ्या वाळू लागतात. गेल्या दोन वर्षांपासून तुळशीविवाहाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि ती माउली बोरीखालच्या रोपांच्या चार-दोन मंजिऱ्या घेतो आणि आमच्या धुऱ्यावर झटकतो. बटाईदाराने आता तेवढी पट्टी सोडली आहे. पहिल्या वर्षी काहीच उगवले नाही. यंदा मृगानंतर तेथे अकरा रोपे मोजली. आठ दिवसांपूर्वी जाऊन पाहिली, फुले पांढरी आहेत.

परवा भालचंद्राच्या नावाने मरव्याचे पत्र वाहावयाची वेळ येईल, तेव्हा त्यातील एका रोपाचे एकच पान मी ठेवणार आहे. कीर्तनात डहाळी दाखविणार नाही. श्रोत्यांना धुऱ्यावर यावयास सांगेन, आणि तेथे निरूपण ती माउली करील.

विघ्नहर्ता सर्वांस ओळखीची दृष्टी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.